ठिबकच्या एका व्हॉल्व्हमागे एक भाग : 'गेम ऑफ थ्रोन्स'चे वेड कसे लागले आणि कुठे उतरले

पिलबाग :

केळीच्या गेल्या कांदेबाग हंगामाची लागवड होईपर्यंत मी 'गेम ऑफ थ्रोन्स' पाहणाऱ्या मंडळींना मनातल्या मनात नावे ठेवत असे, हे आधीच कबूल केलेले बरे. ड्रॅगन, थडग्यातून उठलेली प्रेते, डोमकावळ्याच्या पायाला बांधून पाठवलेले निरोप हे सगळे पोरासोरांचे खूळ आहे आणि पन्नाशीकडे झुकलेल्या, चार एकर केळी व तेवढेच कर्ज सांभाळणाऱ्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये, अशी माझी पक्की समजूत होती. मालिका २०११ मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये संपली. आठ पर्वे आणि ७३ भाग होऊन गेले, जगभर त्यावर भांडणे झाली, आणि मी मात्र कोरडाच राहिलो होतो. त्या कोरडेपणाचे पुढे काय झाले, ते सांगण्यासाठी हा धागा काढतो आहे.

माझी शेती चोपडा तालुक्यात आहे. शेतीच्या फीडरला एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज मिळते, हे इथल्या बहुतेकांना वेगळे सांगायला नको. रात्रपाळीच्या आठवड्यात अकराच्या सुमारास मोटार चालू करायची आणि मग ठिबकचे सहा व्हॉल्व्ह एकामागून एक, तासातासाने बदलत पहाट करायची, असा माझा क्रम असतो. पुढचा व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय आधीचा बंद करायचा नाही, नाहीतर दाब वाढून पाइप सांध्यातून सुटतो. काम दोन मिनिटांचे असते आणि वाट पाहणे अठ्ठावन्न मिनिटांचे. भाच्याने त्या अठ्ठावन्न मिनिटांचा हिशेब करून पहिले पर्व माझ्या मोबाइलमध्ये डाउनलोड करून दिले आणि म्हणाला, "मामा, एक भाग संपला की एक व्हॉल्व्ह बदला, गजर लावायची गरज नाही."

पहिल्या भागाची सुरुवात ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल. प्रचंड बर्फाच्या भिंतीखालच्या भुयारातून तीन घोडेस्वार बाहेर पडतात आणि पलीकडच्या रानात शिरतात. त्या रानात काहीतरी आहे, हे आपल्याला त्यांच्या आधी कळते. मी त्या वेळी मोटारीच्या खोलीबाहेर खाटेवर बसलो होतो. एका कानात इअरफोन होता आणि दुसरा कान मोटारीच्या आवाजाकडे होता, कारण एखादा फेज गेला तर ते आधी आवाजावरूनच समजते. थंडी पडू लागली होती आणि बागेत केळीची वाळलेली पाने एकमेकांवर घासत होती. केळीच्या बागेत रात्री जो एकदा एकटा उभा राहिला आहे, त्याला ठाऊक असते की वारा नसतानाही आत कोणीतरी चालत असल्यासारखा आवाज येतो. त्यातून आमच्या शिवारात त्याच महिन्यात बिबट्याचे ठसे दिसले होते. पडद्यावरच्या स्वाराने मागे वळून पाहिले आणि मीही पाहिले. व्हॉल्व्ह बदलायला गेलो तेव्हा बॅटरीचा झोत पायाखाली कमी आणि आजूबाजूला जास्त फिरत होता.

तरीसुद्धा ती केवळ भीती होती, वेड नव्हे. वेड लागले ते पहिल्या पर्वाच्या नवव्या भागात. नेड स्टार्क हा सरळ मनाचा सरदार राजाच्या आग्रहाखातर उत्तरेकडचे आपले घर सोडून राजधानीत कारभारी म्हणून जातो, खरे बोलतो, शत्रूलाही आधी सावध करतो, आणि मग भर चौकात त्याचे मस्तक उडवले जाते. मी आयुष्यभर ज्या मालिका पाहिल्या त्यांत तलवार उगारल्यावर कोणीतरी 'थांबा' असे ओरडत येतो. इथेही ओरडणारे होते, पण तलवार थांबली नाही. भाग संपला, मी तसाच बसून राहिलो, मग दहावा भाग लावला, आणि चौथ्या व्हॉल्व्हवर पाणी सलग तीन तास चालू राहिले. पहाटे माय शेतात आली तेव्हा खालच्या कोपऱ्यात घोट्याएवढा चिखल होता आणि नुकतीच धरलेली रोपे त्यात उभी होती.

तिने विचारले, मी खरे ते सांगितले. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईने पदराने हात पुसले आणि म्हटले, "मले बी दखाड."

तेव्हापासून दिवसपाळीच्या आठवड्यात दुपारी घरी आम्ही दोघे पाहू लागलो. माय इंग्रजी जाणत नाही, म्हणून मी खालची अक्षरे वाचून सांगत असे, आणि मधली काही दृश्ये येण्याआधीच पुढे ढकलण्यासाठी बोट तयार ठेवत असे. (ही मालिका घरच्यांसोबत पाहू इच्छिणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. माझी एकदा फजिती झाली आहे आणि तिचे वर्णन मी करणार नाही.) मला आश्चर्य वाटले ते तिच्या समजुतीचे. मला घराणी लक्षात ठेवण्यासाठी कागद लागला, तिला लागला नाही. सख्खे, चुलत, दत्तक, दासीपुत्र, माहेरच्या बळावर सासरी राज्य करणारी राणी हे सगळे तिने तुरीच्या शेंगा सोलता सोलता लावून टाकले. लिटलफिंगर या कारस्थानी माणसाला तिने 'दलाल' असे नाव ठेवले, कारण तो दोन्हीकडून अडत घेतो. राज्याला कर्ज देणाऱ्या लोखंडी बँकेला ती 'सोसायटी' म्हणते. नेडच्या बाबतीत तर तिने दुसऱ्याच भागात सांगून टाकले होते, "हाऊ मानूस मरी जाई, दखजो." कारण विचारले तर म्हणाली की, ज्याला वाटणीच्या वेळी मोठ्याने बोलता येत नाही, तो जगत नाही.

आता माझा मुद्दा मांडतो आणि त्यावर आपली मते हवी आहेत. मला वाटते की ही मालिका आपल्याला धरून ठेवते ती ड्रॅगनमुळे नव्हे, तर अंतरामुळे. राजा राजधानीतून नेडच्या घरी, विंटरफेलला, येतो तेव्हा राणी म्हणते की आम्ही महिनाभर प्रवासात आहोत. तो महिना आपल्याला पुढे प्रत्येक ठिकाणी जाणवत राहतो. निरोप उशिरा पोहोचतो, मदत उशिरा पोहोचते, आणि त्या उशिराची किंमत कोणीतरी जिवाने चुकवतो. राणीचा भाऊ जेमी लॅनिस्टर आणि लढवय्यी ब्रिएन यांची पायपीट जवळजवळ सगळे तिसरे पर्व व्यापते. त्या वाटेवर त्याचा हात जातो, आणि हाताबरोबर त्याचा ताठाही जातो. तो घोड्यावर बसून एका भागात घरी पोहोचला असता तर दोन्ही शाबूत राहिले असते आणि पाहण्यासारखे काही उरले नसते. सातव्या पर्वात मात्र माणसे सकाळी एका टोकाला आणि संध्याकाळी दुसऱ्या टोकाला दिसू लागतात, आणि माझे वेड नेमके तिथे उतरले. आपला अनुभव काय?

खापर :

लेखन आवडले, परंतु एक तक्रार नोंदवते. मी ही मालिका अजून पाहिलेली नाही, पाहण्याचा विचार होता, आणि आपण पहिल्याच नोंदीत नेड स्टार्कचे मस्तक माझ्या ताटात वाढून ठेवले आहे. धाग्याच्या शीर्षकात 'रसभंग होईल' एवढे दोन शब्द घालायला हवे होते. आता मी पाहावी की नाही?

पिलबाग :

खापरताई, चूक मान्य आहे आणि क्षमस्व. तरीही आपण अवश्य पाहा. माझ्या मायला त्याचे मरण आधीच कळले होते आणि तरी तो चौक आल्यावर तिच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. नवव्या भागात काय होते हे कळणे आणि ते होताना पाहणे यांत फार अंतर आहे. यापुढच्या नोंदी मात्र आपण वाचू नयेत.

सातपुड्याची लेक :

मी ही मालिका अगदी उलट्या रीतीने पाहिली, म्हणून माझे मतही वेगळे आहे. २०१९ साली मी जळगावला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होते. अमेरिकेत रविवारी रात्री नऊला दाखवला जाणारा भाग आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला येत असे. वसतिगृहाच्या एका खोलीत सात मुली, एक लॅपटॉप आणि एकीच्या फोनचे इंटरनेट अशी व्यवस्था होती. एप्रिल महिना होता, म्हणजे जळगावात साडेसहालाच पंख्याची हवा कोमट लागते. आठ वाजता पहिला तास असे. सोमवारी त्या तासाला आमच्या सातही जागा रिकाम्या असत आणि सरांना त्याचे कारण बहुधा ठाऊक होते, कारण ते स्वतःही धावतपळतच येत.

शेवटच्या पर्वातला तिसरा भाग, म्हणजे प्रेतांच्या सैन्याशी होणारी लढाई, आम्ही अशीच पाहिली, किंवा पाहण्याचा प्रयत्न केला. भाग ८२ मिनिटांचा होता. त्याच्या बाहेरच्या दृश्यांचे चित्रीकरण सलग ५५ रात्री चालले होते असे आम्ही आधीच वाचले होते आणि उत्सुकता शिगेला पोहोचली होती. प्रत्यक्षात पडदा एवढा काळोखा होता की, कोण कोणाला मारते आहे ते ओळखू येईना. आम्ही खिडक्यांना चादरी लावल्या, एकीने लॅपटॉपवर शाल धरली, आणि त्या शालीखाली सात डोकी घालून घामाघूम होत आम्ही नेडच्या मुलीचा, आर्याचा, मृतांच्या राजावरचा तो वार पाहिला. किंकाळी एवढी मोठी होती की रेक्टर मॅडम वर आल्या.

माझे म्हणणे एवढेच की आम्हाला त्या वेळी अंतराची जाणीवही नव्हती. आम्हाला धरून ठेवले होते ते आर्याने आणि ब्रिएनने. आर्या भरतकामाच्या वर्गातून पळून धनुष्य हाती घेते, आणि ब्रिएनला सगळे हसतात तरी ती शब्द मोडत नाही. घरी 'मुलीच्या जातीला' हे वाक्य ऐकत वाढलेल्या सात मुलींसाठी त्या दोघी पुरेशा होत्या. डोमकावळा किती वेगाने उडतो, याचा हिशेब माझ्या डोक्यातही आला नाही. शेवट मलाही पटला नाही, पण त्याचे कारण वेगळे आहे. ड्रॅगनांची मालकीण डेनेरिस हिने शरण आलेले शहर जाळावे हे अशक्य नाही, मात्र तिला तिथवर नेण्यासाठी जेवढी दृश्ये लागली असती तेवढी दिली गेली नाहीत. आधीची सहा पर्वे दहा-दहा भागांची आहेत, सातवे सात भागांचे आणि आठवे अवघे सहा भागांचे. कापड कमी पडले आणि शिंप्याने बाह्या आखूड केल्या.

बोरीकाठ :

मी अमळनेरचा, निवृत्त शिक्षक. वरील चर्चा वाचून वाटले की आपण सर्व जण हे वेड नवे समजता, म्हणून जुनी आठवण सांगतो. १९९४ साली दूरदर्शनवर 'चंद्रकांता' सुरू झाली. देवकीनंदन खत्री यांची मूळ कादंबरी १८८८ सालची. नौगढ आणि विजयगढ ही वैराची दोन राज्ये, वेष पालटणारे ऐयार, आणि आत शिरलेल्याला बाहेर पडू न देणारे तिलिस्म, असा सगळा साज. रविवारी सकाळी आमच्या गावी वीज असेलच याची खात्री नसे. त्यामुळे आठवडाभर वखरणी-पाळी करणारा ट्रॅक्टर शनिवारी संध्याकाळीच अंगणात आणून उभा केला जाई, आणि रविवारी वीज गेली की त्याच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला चिमटे लावून कृष्णधवल पोर्टेबल टीव्ही सुरू केला जाई. बॅटरी उतरू लागली की चित्र चारही बाजूंनी आक्रसत जाई. खलनायक क्रूरसिंहाचा चेहरा तळहाताएवढा होऊन शेवटी मधोमध एक पांढरा ठिपका उरे, आणि त्या ठिपक्यातूनही त्याचे 'यक्कू' एवढे ऐकू येई.

ज्यांचा भाग चुके त्यांना सोमवारी विहिरीवर किंवा शाळेच्या पायरीवर तो सांगितला जाई. सांगणारा स्वतःच्या पदरचे घाली, हे सर्वांना ठाऊक असे. माझ्या वर्गातला एक मुलगा इतके रंगवून सांगे की, प्रत्यक्ष भाग पाहिलेली मुलेही त्याच्याभोवती बसत. पिलबाग यांना मालिकेच्या आतले अंतर महत्त्वाचे वाटते. मला वाटते की आमच्या वेळी ते अंतर मालिकेच्या बाहेर होते. एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंतचे सहा दिवस हेच आमचे तिलिस्म होते. आता ज्याला सगळी पर्वे एकदम मिळतात, त्याला ते अंतर कथेतच शोधावे लागते, आणि ते तिथेही नसले की तो बिथरतो.

मराठीपुरते बोलायचे तर अद्भुताचे वेड आपल्या कादंबरीच्या जन्मापासूनचे आहे. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची आहे, आणि योगायोगाने गाठी पडणे, वेषांतर, हरवलेली माणसे सापडणे हे सगळे तिच्यात आहे. पुढे आपण वास्तवाकडे वळलो आणि अद्भुताला बालवाङ्मयाच्या खोलीत बसवले. आपल्या धुळ्यात ज्यांनी १९२६ साली देह ठेवला त्या इतिहासाचार्य राजवाडे यांना मात्र या प्रकाराचा गंभीरपणे विचार करावासा वाटला होता. त्यांचा 'कादंबरी' हा निबंध १९०२ सालचा आहे. तेव्हा पन्नाशीच्या शेतकऱ्याने खाटेवर बसून ड्रॅगन पाहण्यात ओशाळण्यासारखे काही नाही.

पिलबाग :

सर, पांढऱ्या ठिपक्याने मला लहानपणच्या ओट्यावर नेऊन बसवले. आमच्याकडे बॅटरी ट्रॅक्टरची नव्हती, चुलत काकांच्या जीपची होती, आणि त्या बॅटरीवरून दोन घरांत जे झाले ते मालिकेतल्या वेस्टेरॉस देशाच्या तोडीचे होते. आपण म्हणता ते बाहेरचे अंतर मी विसरलोच होतो. विचार केल्यावर जाणवते की रात्रपाळीचा आठवडा आणि दिवसपाळीचा आठवडा यांनी मला नकळत ते दिले. सलग चार पर्वे एका रजेत पाहिली असती तर नेडच्या मरणावर एवढे तास बसून राहायला मला सवडच मिळाली नसती. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याआधी ते उपकरण आपल्याला काही सेकंदच देते, आणि शोक करायला ते थोडे आहेत.

सातपुड्याच्या लेकीला एवढेच विचारतो की, आर्या आपल्याला आवडली ती शेवटच्या वारामुळे, की त्याआधी ती पर्वेच्या पर्वे पायी भटकली म्हणून?

ताप्तीपार :

मी बुऱ्हाणपूरचा. राज्यांच्या सीमा काहीही म्हणोत, आम्ही स्वतःला खानदेशीच समजतो, कारण फारुकी सुलतानांनी खानदेशावर राज्य केले ते आधी थाळनेरहून आणि मग आमच्याकडून. या मालिकेतल्या तिसऱ्या पर्वाच्या नवव्या भागात लग्नाच्या मेजवानीत पाहुण्यांची कत्तल होते. तो भाग २ जून २०१३ रोजी दाखवला गेला तेव्हा जगभरचे प्रेक्षक सुन्न झाले होते. मूळ कादंबरीकार जॉर्ज मार्टिन यांनी त्यामागे स्कॉटलंडच्या इतिहासातील दोन घटना असल्याचे सांगितले आहे. एक १४४० सालची, जेव्हा किल्ल्यात जेवायला बोलावलेल्या दोन तरुण भावांना ठार करण्यात आले, आणि दुसरी १६९२ सालची ग्लेन्कोची, जिथे पाहुणचार घेणाऱ्या सैनिकांनीच यजमानांना मारले.

मी तो भाग पाहिला तेव्हा मला स्कॉटलंड ठाऊक नव्हते, मला असीरगड आठवला. फरिश्ता या जुन्या फारसी इतिहासकाराने दिलेली हकिकत अशी आहे की, गडावर आसा अहीर नावाचा श्रीमंत आणि भला यजमान राहत होता. नसीर खान फारुकीने त्याला कळवले की, शत्रूंनी मला घेरले आहे, माझ्या बायकामुलांना तुझ्या गडावर आसरा दे. आसाने मोठ्या मनाने होकार दिला. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखरच स्त्रिया आल्या आणि आसाच्या घरच्या बायकांनी त्यांचे स्वागत केले. दुसऱ्या दिवशी आणखी दोनशे डोल्या वर चढल्या आणि त्यांत शस्त्रधारी शिपाई होते. आसा आपल्या मुलांसह पाहुण्यांना सामोरा आला आणि तिथेच सगळे कापले गेले. त्या गडाची चढण ज्याने पायी केली आहे त्याला कळेल की, डोल्या वर पोहोचायला किती वेळ लागला असेल. तेवढा सगळा वेळ आसा दारात उभा राहून वाट पाहत असणार.

पुढे फारुक्यांवरही तीच पाळी आली. अकबराने गडाला वेढा घातला, तो तोफांनी पडेना, आणि जानेवारी १६०१ मध्ये गड हाती आला तो आतल्या लोकांना सोने चारून, असे सांगतात. मग त्याने शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचे 'दानदेश' केले. ते नाव टिकले नाही हे आपण पाहतोच आहोत. तेव्हा पिलबाग यांच्या मातोश्रींना कागदाची गरज का पडली नाही, याचे मला मुळीच नवल वाटले नाही.

तरी माझे मत थोडे वेगळे आहे. अंतर, पात्रे हे सगळे ठीक, परंतु मला धरून ठेवले ते या भावनेने की, लेखकाला पुढचे माहीत आहे. पहिली कादंबरी १९९६ सालची, पाचवी २०११ सालची, आणि सहावी आजही आलेली नाही. मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली, त्यानंतर मला वाटाड्या बदलल्यासारखे वाटले. रस्ता तोच होता, घोडेही तेच होते, पण पुढे चालणाऱ्याला वाट ठाऊक नव्हती.

अक्राणी :

माझी नोंद छोटी आहे. आमच्याकडे धडगाव भागात अस्तंब्याचा डोंगर आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, तळोद्याकडून हजारो लोक तिथे पायी जातात, कारण तो अश्वत्थाम्याचा डोंगर मानला जातो. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो सातपुड्यात फिरतो आणि वाटसरूंकडे तेल मागतो, असे आजी सांगत असे. मी बारा वर्षांचा असताना वडिलांबरोबर पहिल्यांदा गेलो. रात्री चालताना पुढे-मागे मशाली आणि बॅटऱ्यांची रांग दिसे आणि रांगेच्या मधल्या काळोखात प्रत्येक झाडाखाली मला कपाळ धरून बसलेला माणूस दिसे. माझ्या खिशात खोबरेल तेलाची लहान बाटली होती. ती मी कोणाला दाखवली नाही.

भिंतीपलीकडचा मृतांचा राजा पाहताना मला त्याची भीती वाटली नाही, हे येथे नोंदवतो. तो काही मागत नाही. जो काही मागतो त्याचीच भीती वाटते, कारण आपल्याजवळ ते असले तर द्यावे लागते. पिलबाग यांच्या अंतराच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आता डोंगराच्या बऱ्याच जवळपर्यंत गाडी जाते. मी गेल्या वेळी गाडीने गेलो आणि मला झाडाखाली कोणी दिसले नाही.

सातपुड्याची लेक :

पिलबागकाका, आपल्या प्रश्नाने दोन दिवस सतावले. काल पुन्हा पाहिले आणि कबूल करते की, आर्या आणि 'शिकारी कुत्रा' म्हणवला जाणारा तो चिडका लढवय्या यांचे भटकणे काढून टाकले तर तिचा वार केवळ एक उडी उरतो. एवढ्यापुरती हार मानते. एक सुचवते, वेस्टेरॉसचा नकाशा मोठ्या कागदावर छापून मातोश्रींना द्या. आमच्या खोलीत भिंतीवर होता, आणि त्यावर बोट ठेवून आम्ही जितक्या पैजा लावल्या तितक्या परीक्षेच्या गुणांवरही लावल्या नाहीत.

खापर :

मी सगळ्या नोंदी वाचल्या. राहवले नाही. चार भाग झाले आहेत, पुरणपोळ्या उद्यावर ढकलल्या आहेत आणि घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. ड्रॅगन कधी येतात एवढेच सांगा, बाकी काही सांगू नका.

पिलबाग :

खापरताई, पहिल्या पर्वाच्या अगदी शेवटी येतात, आणि आल्यावर ते मांजराच्या पिलांएवढे असतात.

नकाशा तालुक्याला जाऊन छापून आणला आणि फवारणीच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवला. माय आता दुसऱ्यांदा सगळे पाहते आहे आणि या वेळी प्रत्येक प्रवासाला वीत लावून बघते. राजधानी ते विंटरफेल एक वीत भरली, म्हणजे महिना, हे तिने ठरवून टाकले. त्या मापाने तिने कॅटलिनची, टिरियनची आणि आर्याची ये-जा तपासली, आणि कुठे फारशी कुरकूर केली नाही. काल आम्ही सातव्या पर्वाच्या सहाव्या भागावर आलो. बर्फातल्या बेटावर अडकलेली माणसे, भिंतीवरच्या ईस्टवॉच ठाण्याकडे धावत सुटलेला त्यांचा साथीदार गेंड्री, तिथून डेनेरिसच्या किल्ल्याकडे, ड्रॅगनस्टोनला, निघालेला डोमकावळा, आणि तो निरोप मिळताच ड्रॅगनवर बसून अगदी वेळेवर पोहोचलेली डेनेरिस. माय उठली, भिंतीपाशी गेली, ईस्टवॉचवर अंगठा ठेवला आणि करंगळी ताणली. ड्रॅगनस्टोन एका वितीत आले नाही, वर आणखी चार बोटे लागली. तिने ती चार बोटे तशीच नकाशावर ठेवून माझ्याकडे पाहिले.

"हाऊ कावया शे का विमान?"